उंबऱ्यावरचे राळे

चिंचखोरीच्या आरोग्य उपकेंद्रात सकाळी सगळ्यात आधी आवाज यायचा तो अकबरीबीचा, आणि त्या वेळी आत दुसरं कोणीही नसायचं. ती खिडकीला विचारायची, "कावून गं, पुन्यांदा धूळ धरलीस?" नळाला टोमणे मारायची, कुलपाला शिव्या घालायची, आणि कुलूप एका झटक्यात उघडलं तर त्याला शाबासकीही द्यायची. माणसांशी बोलायला तिची ना नव्हती. पण माणसं मधेच तोंड घालतात, आणि ते तिला खपायचं नाही.

त्यामुळे अकबरीबी बाळंतपणाच्या खोलीत जाऊन एका मेलेल्या बाईशी बोलायला लागली, तेव्हा कितीतरी महिने कोणाला त्याचा पत्ताच लागला नाही.

अकबरीबी मूळची पाटोद्याची. बापाची फळांची गाडी होती. लग्न होऊन सिरसाळ्यापासून आत, माळावरच्या या गावात आली ती मकसूदच्या घरी. मकसूद विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, अजूनही करतो. घरात त्याचा आवाज फारसा निघत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. सासू सुईण होती. हिंदू असो की मुसलमान, गावातल्या निम्म्या लोकांची नाळ त्या म्हातारीनं कापली होती, आणि तिच्या हाताखाली अकबरी तयार झाली. पुढं सरकारनं सांगितलं की बाळंतपणं आता दवाखान्यातच व्हायला हवीत. आसपासच्या सुईणींनी तोंडं वाकडी केली. अकबरीनं केलं नाही. ती सरळ उपकेंद्रात झाडलोटीच्या आणि सिस्टरला मदत करायच्या कामाला लागली. "आता सिस्टर बाळ काढती, मी बाईला धरती," असं सांगायची. आणि तिचं धरणं काही साधं नव्हतं. अकबरीबीनं हात धरला की कळ कमी होत नाही, पण ती एकटीची राहत नाही, असं बायका म्हणायच्या.

तर ही मेलेली बाई म्हणजे वनमाला. गावाच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे, तिथल्या रतनबाईची सून. रतनबाई वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक तिच्या नावानं खडे फोडतील. सुनेला ती जीव लावायची. पहिलटकरीण म्हणून तिला जड उचलू द्यायची नाही, दुधावरची साय तिच्यासाठी काढून ठेवायची. वनमालाचा नवरा सिदू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन दूर नदीकाठाला निघून जायचा, तो पाऊसकाळ तोंडावर आला की परत. घरात सासू आणि सून दोघीच. वनमालाचे पाय सुजले, तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं. रतनबाईला वाटलं, अंगावर बाळसं चढतंय. म्हणून ती खूश होती.

मग एका सकाळी वनमालाचे डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन झटके यायला लागले. असं काही पाहिलं की आपल्याकडं एकच शब्द तोंडात येतो. रतनबाईच्याही आला, बाहेरचं. तिनं सुनेला जीपमध्ये घातलं आणि शेजारच्या गावच्या देवऋष्याकडं नेलं. त्यानं अंगारा लावला, गंडा बांधला, आणि मी सांगेपर्यंत हिला पाण्याचा थेंब द्यायचा नाही म्हणून बजावलं. त्या सगळ्यात उन्हं कलली. उपकेंद्रात आणलं तेव्हा पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं.

त्या वेळी ती खोली म्हणजे गळकं छत, गंजकी खाट आणि रिकामं कपाट. झटके थांबवायचं इंजेक्शन कपाटात नव्हतं. गाडीला फोन लावला, गाडी यायला उशीर. अकबरी वनमालाचा हात धरून बसली होती. दोन झटक्यांच्या मधे पोरीनं डोळे उघडले आणि एकच मागितलं, पाणी. अकबरीनं पेला भरला. रतनबाईनं तिचं मनगट धरलं, "अजून गंडा सुटला न्हाई." तेव्हाच्या सिस्टरनंही मान हलवली, शुद्ध नीट नाही, ठसका लागेल. एकीचं कारण एक, दुसरीचं दुसरं, पण पेला अकबरीच्या हातात तसाच राहिला. तिनं बोट भिजवून तेवढे ओठ ओले केले. वनमालानं ते बोट लेकरानं ओढावं तसं ओढलं. मग ती गेली, आणि पोटातलं पोटातच गेलं.

पोटुशी बाई मेली की ती घराकडं परत यायला बघते, अशी त्या वस्तीत जुनी समजूत आहे. त्यावर उपायही जुनाच. मसणवटीतून परतताना मागं राळे टाकत यायचे. राळे म्हणजे मोहरीएवढे बारीक दाणे. आता ते फारसं कोणी खात नाही, पण रतनबाईच्या घरी एका मडक्यात राळे असायचेच, आणि कशाला असतात ते कोणी विचारत नसे. मेलेलीला घरी यायचं तर वाटेतला प्रत्येक दाणा वेचावा लागतो. वेचता वेचता कोंबडा आरवतो, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. रतनबाई मसणवटीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत राळे टाकत आली, रडत आली आणि टाकत आली.

घराची वाट अशी पक्की बंद झाली. पण घरी जाता येत नाही म्हटल्यावर ती पोर जाणार कुठं, याचा विचार कोणी केला नाही. जिथं जीव गेला तिथंच राहिली. दुसरं होतं काय तिला?

मेल्यावर मात्र वनमालाचं सरकारदरबारी फार वजन वाढलं. जिवंतपणी तिच्यासाठी एक गाडी वेळेवर आली नव्हती, आता बीडहून गाड्यांवर गाड्या आल्या. साहेब आले, मॅडम आल्या, खोलीत उभं राहून सगळे हळहळले. आणि त्यांच्या पदरात माप टाकायचं तर, नुसते हळहळून गेले नाहीत. छत नवं झालं. पांढऱ्या फरशा आल्या. बाळंतपणाचं नवं टेबल आलं, त्यावर हिरव्या रेक्झिनची गादी. ऑक्सिजन आला, बाळाला उबेत ठेवायचं यंत्र आलं, आणि झटक्याचं इंजेक्शन ट्रेमध्ये हाताशी राहील असं मांडलं गेलं. घुगे सिस्टर नावाची तरणी, चटपटीत मुलगी बदलून आली. फीत कापली, पेढे वाटले. आणि त्या झकास खोलीत एकही बाई आली नाही.

म्हणजे पहिली एक आली होती. कळा देत आली, दारात थबकली, आणि म्हणाली, "टेबलावर कोण झोपलंय?" टेबल मोकळं होतं. बाई तशीच माघारी फिरली आणि घरी बाळंत झाली. झालं, गावभर बभ्रा. पोलिओचे थेंब, लसी, गोळ्या, यासाठी बायका पडवीत खुशाल यायच्या. आतल्या खोलीचं नाव काढलं की पदर सावरून उठायच्या. कोणी घरातच दार लावून बाळंत व्हायची, कोणी कळा सोसत जीपमधून परळी गाठायची. एकीचं मूल वाटेतच झालं आणि वाटेतच गेलं. घुगे सिस्टर चिडायची, समजावायची, कधी कधी रडायचीही. बायका ऐकून घ्यायच्या आणि घरी जायच्या.

अकबरी मात्र रोज त्या खोलीत जायची. जाणं भागच होतं, फरशी कोण पुसणार? एका संध्याकाळी घरी निघताना तिनं खिडकीत पाण्याचा पेला भरून ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. ते बोट ओढणं तिच्या मनातून जात नव्हतं, एवढंच. सकाळी पेला निम्मा झाला होता.

"उन्हाळा हाय, आटलं आसल," ती पेल्याला म्हणाली.

पण पुढं पावसाळा आला. सादळलेली आगपेटी पेटेना, मिठाला पाणी सुटलं, अशा हवेतही पेला निम्मा. तिनं वर झाकण ठेवायला सुरुवात केली. तरी निम्मा. मकसूद जेवताना म्हणाला, "उंदीर पीत असेल." अकबरीनं विचारलं, "आन झाकण परत ठिवून जातो का तुझा उंदीर?" मकसूदनं भाकरीत डोकं घातलं.

आणि मग ते पाऊल. फरशी पुसून ती बादली ओतायला मागं गेली, परत येऊन बघते तर ओल्या फरशीवर एक ठसा. सिस्टर त्या दिवशी बीडला मीटिंगला गेलेली, बाहेरच्या दाराला आतून कडी. अकबरीनं आपलं पाऊल त्याच्या शेजारी टेकवून पाहिलं. तिच्या पावलाला मधे खोबण होती, सगळ्यांच्या असते. त्या ठशाला नव्हती. टाचेपासून बोटांपर्यंत सपाट, भरीव. पोटुशीचे पाय सुजून मऊ झाले की तळवा असाच सगळा टेकतो. सासूच्या हाताखाली असल्यापासून तिनं अशी कितीतरी पावलं पाहिली होती.

तिच्या अंगावर काटा आला, यात खोटं काही नाही. पण मनात पहिला विचार आला तो वेगळाच. हिची सूज अजून उतरली नाही, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून ती वनमालाशी बोलायला लागली. झाडता झाडता गावातल्या बातम्या सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या शेळीला जुळी झाली. कधी रागवायची, "तू अशी ठाण मांडून बसलीस, आन बाया भितात गं तुला. एखादीचा जीव जाईल तुझ्यापायी." वनमाला उत्तर द्यायची नाही, आणि अकबरीला तर मधे न बोलणारं माणूस आवडायचंच. फक्त सकाळी कधी कधी टेबलावरच्या उशीला डोक्याएवढा खळगा पडलेला असायचा. अकबरी तो थापटून सारखा करायची आणि सिस्टरला काही सांगायची नाही.

वर्ष सरलं तसं सिदूचं दुसरं लग्न झालं. बायको म्हणून आणली ती वनमालाचीच धाकटी बहीण, अंजू. मोठी गेली तर धाकटी द्यायची, दोन्ही घरांचं नातं तुटू द्यायचं नाही. यात धाकटीला कोणी विचारतं का, हे विचारू नये. पण अंजू हसरी निघाली. मेंढरांमागं पळायची, रतनबाईला थट्टेनं बोलायची, आणि त्या म्हातारीच्या तोंडावर पुन्हा हसू आलं. अंजूला दिवस गेले तेव्हा तर रतनबाईनं अकबरीला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. अंजू तपासणीला पडवीत यायची, वजन करायची, गोळ्या घ्यायची, आणि आतल्या दाराकडं पाठ करून बसायची.

पुढं पुढं ती यायची थांबली. सिदू मेंढरं घेऊन गेलेला होता. अकबरी दोनदा निरोप धाडून थकली आणि उन्हाचीच वस्तीवर गेली.

झोपडीच्या उंबऱ्यावर राळे टाकलेले होते. आत अंधार करून अंजू डोक्याला फडकं बांधून बसली होती.

"लई ठणकतंय का गं?"

"व्हय चाची. आन उजेड सोसत न्हाई. डोळ्यापुढं चांदण्या येतात."

"आजून?"

अंजूनं सासूकडं पाहिलं. रतनबाई दाराशी बसून राळ्याचं मडकं उराशी धरून होती. अंजू खालच्या आवाजात म्हणाली, "त्या चांदण्यात अक्का उभी ऱ्हाती."

"काय म्हणती ती?"

"काय बी न्हाई. लुगडं वर धरती आन पाय दाखवती."

अकबरीनं अंजूच्या लुगड्याचा काठ बाजूला केला. पायाला बोट लावलं, बोट रुतलं, आणि खड्डा तसाच राहिला. तिला वाटलं, या झोपडीत आपल्याआधी कोणीतरी येऊन तपासणी करून गेलंय.

"रतनबाई, उद्या लसीचा दिवस हाय. घिऊन या हिला."

"एक सून गेली माझी. आता तीच दुसरीला न्यायला आलीया," रतनबाई म्हणाली. "त्या खोलीत मी पोरीला पाऊल ठिवू द्यायची न्हाई."

"पडवीत बसा. बीपी बघू, तेवढंच."

"पडवीपत्तोर. उंबऱ्याच्या आत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पडवीत लेकुरवाळ्या बायकांची गर्दी, पोरांची रडारड, वर ऊन मी म्हणत होतं. वस्तीपासून चालत आलेली अंजू नळाखाली पाय धुऊन पडवीत आली. अकबरी दाराशी उभी होती. तिचं लक्ष अंजूच्या तोंडाकडं नव्हतंच. शहाबादी फरशीवर एकामागून एक पावलं उमटत आली, सपाट, भरीव, खोबण नसलेली. आतल्या खोलीत पाहिलेला तोच ठसा, आता भर उन्हात तिच्या दिशेनं चालत येत होता.

"सिस्टर, सगळं ठिवा आन हिला आधी बघा," ती म्हणाली.

घुगे सिस्टरनं बीपीचा पट्टा बांधला, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग आत जाऊन गाडीला फोन लावला. गाडी सिरसाळ्यात होती, निघाली होती. सिस्टर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं सरळ सांगितलं. अंजूला कुठल्याही क्षणी झटके येऊ शकतात. वनमालाला आले तसेच. ते यायच्या आत इंजेक्शन द्यायला हवं, आणि ते असं पडवीत बसून देता येत नाही. कुशीवर झोपवावं लागेल, झटका आलाच तर ऑक्सिजन हाताशी हवा. सगळं आत आहे.

अंजू उठली. तिला जगायचं होतं, ती अकबरीचा हात धरून दारापर्यंत गेली. उंबऱ्यापाशी तिचे पाय थांबले.

"टेबलावर अक्का झोपलीया," ती म्हणाली. "मी कुठं झोपू?"

रतनबाईनं कमरेची पिशवी सोडली, मूठ भरली आणि उंबऱ्यावर राळे टाकले. पुन्हा मूठ, पुन्हा राळे. पांढऱ्या फरशीवर दाणे टपटप उडत गेले.

"चल घरी," ती अंजूला ओढायला लागली. "ती आत हाय तवर आपुन भाईर. चल."

"अहो मावशी, आत कोणी नाहीये," घुगे सिस्टर रडकुंडीला आली. "टेबल रिकामं आहे, बघा तुम्ही, मी बसून दाखवते."

"सिस्टर, तुमी जरा गप बसा," अकबरी म्हणाली. मग सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय ती. रोज असती. मी रोज तिच्यासाठी पाणी ठिवती, आन ती पिती."

इतके दिवस गावानं जे कुजबुजत म्हटलं होतं ते कोणीतरी पहिल्यांदाच उघड बोललं. एका बाईनं लेकराला छातीशी घट्ट धरलं.

"रतनबाई, तुमी टाकलेत, तुमीच येचा."

"येचले तर ती घरी यील."

"यिऊ द्या की. घर तिचंच हाय."

"अकबरीबी, ती मला सोडायची न्हाई. मी तिला पाणी दिऊ दिलं न्हाई." रतनबाईचा आवाज फाटला. "तिनं मागितलं, आन मी तुमचा हात धरला."

"माझ्या बी हातात पेला होता, रतनबाई. मी बी दिला न्हाई. तरी ती मला कायबी करत न्हाई. तुमाला काय करणार? इथं पडून हाय बिचारी, तुमी वाट बंद केली म्हणून."

अंजूच्या तोंडाचा एक कोपरा बारीक उडाला. सिस्टरनं तो पाहिला आणि अकबरीचा दंड घट्ट दाबला. रतनबाईनंही पाहिला. असाच कोपरा तिनं आधी एकदा उडताना पाहिला होता. तिनं खाली बघितलं, अंजूच्या पायांकडं, आणि ती म्हातारी मटकन उंबऱ्यावर बसली.

ती दाणे वेचायला लागली. दोन्ही हातांनी, ओच्यात टाकत. "चुकलं माझं वनमाले, चुकलं गं," असं पुटपुटत. पडवीतून कोणी पुढं आलं नाही आणि कोणी उठून गेलंही नाही. फरशांच्या सांध्यात अडकलेले दाणे निघेनात, तेव्हा तिनं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि एकेक दाणा टिपून काढला. ते ओलं बोट बघून अकबरीला भडभडून आलं. पण रडायला तेव्हा सवड नव्हती.

"झालं," रतनबाई म्हणाली.

अकबरीनं उंबऱ्यावरून आत पाहिलं. हिरवी गादी, पांढऱ्या भिंती, खिडकीत पेला. ती रोज बोलायची तशीच बोलली. "वनमाले, ऊठ माय. तुझी अंजू आलीया. तिला जागा दे."

रेक्झिनच्या गादीवरून माणूस उठलं की ती एक चरचर आवाज करते. तो आवाज आला. दाराशी होत्या त्या सगळ्यांनी ऐकला, आणि घुगे सिस्टरनंही ऐकला, पुढं तिनं तो कितीही नाकारला तरी.

"उठली," अंजू म्हणाली.

तिनं उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि अंग चोरून एका बाजूला झाली, समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. उंबऱ्यावर बसलेल्या रतनबाईनं आपले गुडघे पोटाशी ओढून घेतले. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, वारा मात्र कुठंच नव्हता. मग अंजू सरळ चालत गेली आणि टेबलावर कुशीवर झोपली. म्हणाली, गादी गार आहे.

पुढचं सगळं शिकवल्याप्रमाणं झालं. सिस्टरचे हात कापत नव्हते. दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. अकबरीनं हात धरला. गाडी आली, चालक लखन स्ट्रेचर घेऊन धावत आला, आणि सिस्टर सोबत बसून अंजूला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. झटका आला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, चिमुकली, बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली मात्र खणखणीत. सिदू मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून दवाखान्यात पोचला आणि बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडला. दोघींसाठी रडला असणार.

त्यानंतर चिंचखोरीच्या बायका आतल्या खोलीत यायला लागल्या. आधी एक भीत भीत, मग दुसरी धीटपणं. त्या खोलीत पहिलं बाळ रडलं तेव्हा घुगे सिस्टरनं स्वतःच्या पैशानं पेढे आणले. वरून एक मॅडम आल्या, बायकांचं मन कसं वळवलं म्हणून सिस्टरला विचारू लागल्या. सिस्टरनं समुपदेशन, असं उत्तर दिलं. दुसरं काय सांगणार बिचारी?

सगळ्यांना बरं वाटलं, अकबरीलाही वाटलं. पण त्या दिवसापासून खिडकीतला पेला सकाळी भरलेलाच असायचा. झाकण काढलं की पाणी काठोकाठ, आणि वर बारीक धूळ. उशीला खळगा नाही. फरशी पुसून ती मुद्दाम बादली घेऊन मागं जायची, वेळ लावायची, परत येऊन बघायची. फरशी कोरी वाळलेली असायची. ती खिडकीशी बोलायची, नळाशी बोलायची, पण त्या खोलीत गेली की तिला शब्द सुचायचे नाहीत. एका सकाळी भरलेला पेला हातात धरून ती टेबलाला टेकून रडली. वनमाला मेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

अंजूची मुलगी लसीच्या वयाची झाली तशी रतनबाई तिला घेऊन आली. अंजू मागून येत होती. रतनबाई दारात थांबली नाही, सरळ आतल्या खोलीत आली आणि नात अकबरीच्या हातात दिली. पोर अकबरीचं बोट धरून तोंडात ओढायला लागली. रतनबाईची नजर खिडकीतल्या पेल्याकडं गेली.

"भरलेलाच हाय," अकबरी म्हणाली. "लई दिस झाले, शिवलेलाच न्हाई."

रतनबाईनं झाकण उचलून पेल्यात पाहिलं. मग म्हणाली, "आमची घागर रोज सकाळी थोडी खाली झालेली असती."

अकबरीनं तिच्याकडं पाहिलं. "भ्या वाटत न्हाई?"

"आधी वाटायचं. उंबऱ्यावरचे राळे बी मी येचून टाकले. आता मीच दिवेलागणीला भरून ठिवती. झाकत न्हाई. उतरंडीवर ठिवती, उंच." तिनं नातीचं टोपरं सारखं केलं. "पोटुशी बाई, तिला वाकायला लागू ने."

बाहेर पडवीत सिस्टर कोणाला तरी हाक मारत होती. अकबरीनं लेकराच्या तोंडातून बोट काढून घेतलं नाही.

"सारवणावर पाय उमटतो का?" तिनं विचारलं.

"उमटतो की."

"आन सूज?"

"उतरली," रतनबाई म्हणाली.